तांब्याचा रोटर की ॲल्युमिनियमचा? तासगावच्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण अनुभवही आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. (रोटर म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग. त्याच्या खाचांमध्ये, म्हणजे स्लॉटमध्ये, धातूचे बार असतात.) ‘ओतलेला ॲल्युमिनियमचा रोटर कमी प्रतीचा नसतो’ असं मी लिहिलं, ती तुम्हाला कारखानदारांची वकिली वाटली. तुमच्या बोअरमधली तांब्याच्या रोटरची मोटर वर्षानुवर्षं विनातक्रार चालते. भावाच्या गुऱ्हाळावरची मोटर लोड घेत नाही, म्हणून तिच्या रोटरमधलं ॲल्युमिनियम काढून त्याच स्लॉटमध्ये तांब्याचे बार भरायचं तुमच्या मनात आहे. आणि रोटर लेथवर जरासा घासला तर काही बिघडत नाही, हे तुमचं ठाम मत आहे.

बोअरबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे मोटर जाड करता येत नाही, लांबच करावी लागते. रोटरचा व्यास लहान, स्लॉटला जागा कमी. तेवढ्या जागेत ॲल्युमिनियमचा बार घातला तर त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) तांब्याच्या दीडपटीहून जास्त भरतो. शिवाय पंप सुरू होताना फार जोर मागत नाही, वेग वाढेल तसा लोड वाढतो. अशा कामाला कमी रेझिस्टन्सचा रोटर उत्तम. स्टेटरकडून (मोटरच्या बाहेरच्या स्थिर भागाकडून) हवेच्या फटीतून रोटरला जेवढी शक्ती मिळते, तिचा स्लिपइतका, म्हणजे रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या जेवढा मागे राहतो तेवढा, हिस्सा बारमध्येच जळतो. चार पोलची मोटर १५०० ऐवजी १४४० फेऱ्यांनी फिरत असेल तर स्लिप चार टक्के, म्हणजे शंभरातली चार टक्के शक्ती रोटर तापवण्यातच गेली. रेझिस्टन्स कमी केला की हे नुकसान घटतं.

पण गुऱ्हाळ म्हणजे बोअर नव्हे. ऊस रोलरमध्ये असताना लाईट गेली की पुढची सुरुवात भरल्या चरकानंच करावी लागते. तिथे पहिल्या क्षणाचा जोर लागतो, आणि तो जोर रोटरच्या रेझिस्टन्समधून येतो. मोटरचा जास्तीत जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती, हे रोटरच्या रेझिस्टन्सवर ठरत नाही. तो कोणत्या वेगाला मिळणार, एवढंच रेझिस्टन्स ठरवतो. रेझिस्टन्स कमी केला की तो टॉर्क पूर्ण वेगाच्या जवळ सरकतो आणि उभ्या मोटरचा जोर घटतो. सुरुवातीचे ॲम्पिअर मात्र वाढतात. त्यात संध्याकाळी डीपीवर सगळ्यांचा लोड पडून ४१५ चे ३०० व्होल्ट झाले, तर टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धा होतो. त्याच स्लॉटमध्ये तांबं भरलेला रोटर त्या वेळी नुसता घूं करत उभा राहील आणि वाइंडिंग जळेल. मी तुम्हाला अडवतोय ते एवढ्याचसाठी.

मग सुरुवातीला रेझिस्टन्स जास्त आणि चालताना कमी, असं एकाच रोटरकडून करून घेता येतं का? येतं, आणि रोटरच्या डिझाइनमधला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. मोटर उभी असताना रोटरमधल्या करंटची फ्रिक्वेन्सी पुरे ५० हर्ट्झ असते. वेग धरल्यावर चार टक्के स्लिपला ती दोनच हर्ट्झ उरते. ५० हर्ट्झला करंट बारच्या वरच्या थरातूनच वाहतो, तांब्यात साधारण नऊ मिलिमीटर खोलीपर्यंत. दोन हर्ट्झला तो सगळ्या बारभर पसरतो. म्हणून स्लॉट खोल ठेवतात, वर अरुंद आणि खाली रुंद. सुरुवातीला वरच्या अरुंद भागाचा रेझिस्टन्स जोर देतो, नंतर खालचा रुंद भाग काम उचलतो. वितळलेलं ॲल्युमिनियम स्टॅम्पिंगमध्ये (रोटरच्या पातळ लोखंडी चकत्यांमध्ये) कापलेला कसलाही आकार भरून काढतं. तांब्याला तो आकार द्यायचा तर तसा बार ओढून घ्यावा लागतो. तांबं ओततातही, पण ते १०८५ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. त्या उष्णतेत डाय (ओतायचा साचा) फार टिकत नाही. साडेसात एचपीच्या चार पोल मोटरला आयई३ (मोटरच्या कार्यक्षमतेची एक श्रेणी) दर्जासाठी ८९.६ टक्के कार्यक्षमता लागते, आणि ती ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या रोटरनं गाठता येते.

आता लेथ. या मापाच्या मोटरीत रोटर आणि स्टेटरमधली फट एका बाजूला तीन ते पाच दशांश मिलिमीटर असते. समजा ती ०.३५ आहे आणि तुम्ही बाजूला ०.२ मिलिमीटर काढलंत, तर फट दीडपटीच्या वर गेली. चुंबकत्व तयार करायला लागणारा बराचसा करंट याच फटीवर खर्च होतो. तो वाढतो, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरं काम करणारा हिस्सा) पडतो, मोटर रिकामी फिरतानाही जास्त ॲम्पिअर खाते. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बोथट टूलनं स्टॅम्पिंगच्या कडा एकमेकींवर लोळतात, मधलं इन्सुलेशन निकामी होतं आणि रोटरच्या पृष्ठभागावरच उष्णता तयार व्हायला लागते. घासावंच लागलं तर टूल धारदार आणि कट अगदी हलका हवा. पण मुळात रोटर स्टेटरला लागला का, ते आधी शोधा. बेअरिंग किंवा त्याचं घर झिजलेलं असेल तर घासलेला रोटरही पुन्हा लागणारच.

ॲल्युमिनियमवरच्या तुमच्या रागाचं एक कारण मात्र मला पूर्ण पटतं. घाईत ओतलेल्या रोटरमध्ये पोकळ्या राहतात आणि वरून तो चांगल्या रोटरसारखाच दिसतो. पोकळीच्या जागी बार तापतो, एक दिवस तुटतो, त्याचा करंट शेजारच्या बारांवर पडतो आणि मग तेही जातात. हा ओतकामातला आळस आहे, धातूचा दोष नाही. तांब्यातही एंड रिंगचं (बारांची टोकं जोडणाऱ्या कड्याचं) ब्रेझिंग कच्चं राहिलं तर हेच होतं.

तेव्हा गुऱ्हाळाची मोटर खोलण्याआधी हे करून बघा. वाइंडरकडे तिन्हीपैकी दोनच टर्मिनलना कमी व्होल्टेज द्या, पूर्ण व्होल्टेजच्या पावपट पुरे, आणि शाफ्ट हातानं सावकाश एक फेरी फिरवा. ॲम्पिअर एका ठिकाणी स्पष्ट कमी-जास्त होत असतील तर बार तुटलेला असण्याची शक्यता मोठी. ते स्थिर राहिले तर बहुतेक दोष रोटरचा नाही, व्होल्टेजचा. मग चरक सुरू करतानाचे मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. हे आकडे आणि नेमप्लेटवरचे एचपी, आरपीएम, ॲम्पिअर इथेच खाली लिहा. रोटर बदलायचा की नुसती केबल जाड करायची, ते त्यावरून सांगतो.