पिशव्या कोण धरणार?

आज सकाळी थीम पार्कचा वर्षभराचा पास पुन्हा काढला आणि उत्साहाच्या भरात त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटं गेली नसतील, एका दादाचा प्रश्न आला, "परत? आणि परत एकटीच?" मागोमाग हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. मग एका वहिनींचा सल्ला, "अगं, कुणाला तरी सोबत ने. एकटीने त्या राइडवर बसून कसली आलीये मजा!"

उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तिथे सुरू झालं की रात्रीपर्यंत चालेल आणि मग आत्याचा फोन येईल. म्हणून इथे लिहितेय. तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचता.

एकटी ट्रेकला गेले की "धाडसी हो!" एकटी नाटकाला गेले की रसिक. एकटी परदेशात भटकले की फोटोंखाली बदामांचा पाऊस. पण थीम पार्कला एकटी गेले की सगळ्यांना लगेच माझी काळजी. कुणी मिळालं नाही का गं? सगळं ठीक आहे ना? अरे बाबांनो, ठीक आहे म्हणूनच गेले ना!

एक प्रसंग सांगते. मागच्या हंगामात एका रोलर कोस्टरच्या (रुळांवरून उंच चढून झपकन खाली येणारी ती गाडी) सिंगल रायडर रांगेत उभी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बहुतेक कोस्टरच्या गाडीत दोन-दोन किंवा चार-चार जणांच्या ओळी असतात. तिघांचं कुटुंब आलं की एक जागा मोकळी राहते, आणि गाडी तशीच सुटली तर ती त्या फेरीत वाया गेली. म्हणून काही राइडना एकट्या माणसांची वेगळी रांग लावतात आणि जिथे फट दिसेल तिथे आम्हाला बसवतात. तर पुढे एक बाबा, त्याचा धाकटा मुलगा आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. बाबा धाकट्याबरोबर बसला. मागच्या ओळीत मुलगी एकटी. तिच्या शेजारी मी.

गाडी चढावर लागली आणि त्या पोरीने माझं मनगट जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मी आपली तिला सांगतेय, खाली बघू नकोस, समोर बघ, आणि ओरड. ओरडली की! मीही ओरडले. गाडी थांबल्यावर मनगट सोडून म्हणते कशी, "पुन्हा?"

बाहेर पडायच्या वाटेवर तिची आई उभी होती. दोन्ही खांद्यांवर पाठपिशव्या, गळ्यात पाण्याची बाटली, हातात टोप्या, काखेत कुणाचं तरी जॅकेट. नुसती खुंटी झाली होती बाईची. मुलीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. बाई हसल्या आणि विचारलं, "तुमची मुलं कुठल्या राइडवर आहेत?" म्हटलं, मी एकटीच आलेय. त्यांचा चेहराच बदलला. कीव होती हो त्यात. माझी कीव! आणि कुणाला यावी, तर त्या बाईंना!

आज वहिनींचा मेसेज वाचला तेव्हा डोळ्यांसमोर तोच चेहरा आला.

आता जरा नियोजनाबद्दल बोलते, कारण लोकांना वाटतं मी कंटाळा आला की उठून जाते. नियोजन असतं, फक्त ते कुटुंबाच्या नियोजनाच्या बरोब्बर उलटं असतं. कुटुंब दिवसाचं तिकीट काढून येतं, म्हणजे पैसे वसूल झालेच पाहिजेत. उघडायच्या आधी गेटवर, बंद होईपर्यंत आत, मधे तिघांची भूक, दोघांची शू आणि एकाचा रुसवा. दुपारी बाकांवर बसलेली माणसं बघा एकदा. सुट्टीवर आलेत असं कुणाच्या चेहऱ्यावरून वाटतं का?

पासवाल्या एकट्या माणसाला वसूल काहीच करायचं नसतं. मी एका राइडसाठी जाते. खरंच, एकाच. तिची रांग पार्कच्या अ‍ॅपवर बरी दिसली तर बसते, नाहीतर झाडाखाली बसून कॉफी पिते आणि लोक बघते. राइड बंद पडली तर चिडत नाही, पुढच्या आठवड्यात बघू म्हणते. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं त्यानंतर बरीच वर्षं तिथे प्रत्येक राइडला वेगळं कूपन लागायचं, साध्या राइडला ए आणि सगळ्यात भारी राइडना ई, आणि ती कूपनं १९८२ मध्ये बंद झाली. तेव्हाच्या माणसाला 'आज सहज दोन तास चक्कर मारून येते' हे सांगून कळलं नसतं. आजच्या दादाला कळायला काय हरकत आहे?

दुसरं, पास कुठला घ्यायचा. जवळपास सगळीकडे पासाच्या पायऱ्या असतात. स्वस्त पासाला ब्लॉकआउटचे दिवस जास्त, म्हणजे सणासुदीला आणि शाळेच्या सुट्ट्यांत तुम्हाला प्रवेश नाही. ज्यांच्या घरी शाळेतली मुलं आहेत त्यांना नेमके तेच दिवस हवे असतात, मग महागडा पास घ्या. मला ते दिवस फुकट दिले तरी नकोत! त्या दिवशी आत जाऊन करायचं काय, माणसांच्या पाठी बघायच्या? तेव्हा सगळ्यात खालचा पास, मधल्या वारांची संध्याकाळ, आणि पावसाचा अंदाज असेल तर फारच छान. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, दिवसाचं तिकीट काढलेले बिचारे रडकुंडीला येतात, अर्धे निघून जातात. ढग सरले की पुढचा तासभर पार्क आपलं. बंद व्हायची वेळही तशीच. बऱ्याच मोठ्या पार्कांत बंद व्हायच्या क्षणापर्यंत रांगेत शिरलात तर राइड मिळते, मग गेट बंद व्हायची वेळ झाली म्हणून घाबरून पळायचं नाही.

(ज्यांना ऑफिसातून मोकळीक फक्त सुट्टीच्याच दिवशी मिळते त्यांना यातलं काही लागू नाही. मान्य. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं.)

आणि सिंगल रायडर रांग म्हणजे नुसतं वरदानही नाही, तेही सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. ती नेहमी लवकर सरकतेच असं नाही. बरेचदा तुम्हाला मुख्य रांगेतली सजावट दिसत नाही, मागच्या जिन्यांतून नेतात. जागा निवडता येत नाही. डिस्नेच्या मिलेनियम फाल्कन राइडमध्ये (स्टार वॉर्स सिनेमांतलं यान चालवायची राइड) सहा जण बसतात: दोन पायलट, दोन तोफा चालवणारे, दोन इंजिनियर. एकट्याने या रांगेतून गेलात तर बहुतेक वेळा इंजिनियर, म्हणजे मागची जागा. पुढे अनोळखी पोरं यान भिंतीवर आपटत असतात आणि तुम्ही मागे बसून दुरुस्तीची बटणं दाबायची. मला तर तेच आवडेल. काहीजण यावर रुसतात.

अडचणी आहेतच. मधेच बाथरूमला जायचं तर रांगेतली जागा धरून ठेवणारं कुणी नाही. जेवणाचा ट्रे हातात घेऊन टेबल शोधायचं, आणि मिळालेलं टेबल सोडून पाणी आणायला जायचं तर टेबल गेलं. वॉटर पार्कमधल्या काही तराफ्यांवर एकट्या माणसाला बसूच देत नाहीत, वजनाचं गणित असतं. लेगोलँड डिस्कव्हरी सेंटरमध्ये तर लहान मूल बरोबर नसेल तर एरवी मोठ्या माणसाला प्रवेशच नाही. ते मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. ठीक आहे, पटतं.

पण सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पिशवी! मोठ्या कोस्टरवर सुटं सामान नेऊ देत नाहीत. युनिव्हर्सल पार्कमधल्या वेलॉसीकोस्टरला तर चढण्याआधी मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. एकट्या माणसाने पिशवी कुणाकडे द्यायची? काही ठिकाणी राइडपाशी लॉकर फुकट असतात, काही ठिकाणी पैसे मोजावे लागतात, काही ठिकाणी फलाटावर नुसता उघडा कप्पा. मी आता पिशवीच नेत नाही. चेन असलेला खिसा, त्यात पास, किल्ली, फोन. बस.

हे लिहिता लिहिता परत ती बाई आठवली. तेव्हा घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. मुलं असली की शहाणपण येतं का, मुलं नसलेल्या बाईने मजा करायची नाही का, वगैरे. चांगली भाषणं तयार केली होती. आणि मग घरी बूट काढताना लक्षात आलं की ती त्या राइडवर बसलेलीच नव्हती. बहुतेक दिवसभरात कशावरच नसावी. तिघं चढायचे, तिघं उतरायचे, आणि ती प्रत्येक वेळी बाहेर पडायच्या वाटेवर सामान घेऊन उभी.

मला ती जागा चांगली माहितीये. मी तिथे वर्षानुवर्षं उभी होते. भाचरांच्या पिशव्या, दादाचा चष्मा, वहिनींची पर्स. "तुला कोस्टर नाही ना आवडत?" असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि तेच कायमचं ठरलं. मला विचारलं कधी? मला कोस्टर प्रचंड आवडतात! हे मला पास घेईपर्यंत माहीत नव्हतं, कारण मी कधी बसलेच नव्हते.

गंमत म्हणजे डिस्नेची पार्कं उभी राहिली तीच अशा बाहेर बाकावर बसून राहिलेल्या माणसासाठी म्हणे. वॉल्ट डिस्नेची गोष्ट प्रसिद्धच आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायचा आणि स्वतः बाकावर बसून राहायचा. तिथे त्याला वाटलं, आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा हवी. तिथला एक बाक आजही डिस्नेलँडमध्ये मांडून ठेवलाय, लोक त्याचे फोटो काढतात. छान आहे. पण त्या पार्कातल्या बाकांवर आज कोण बसलंय ते बघा. पिशव्या घेऊन आई. कधी आजोबा. कधी न बोलणारी मावशी.

हो, आईबापांनी आळीपाळीने बसायची सोय आहे. एकजण बाळाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला परत सगळी रांग लावावी लागत नाही. चांगली सोय आहे, नाही म्हणत नाही. पण ती बाळासाठी आहे. पिशव्या धरणाऱ्या बाईसाठी कुठे सोय आहे? आणि सोय असून तरी काय, "जा, तू बसून ये, मी धरतो" हे वाक्य कुणीतरी उच्चारावं लागतं ना!

आता पार्कवाल्यांवरचा राग काढते, तो राहिलाय. आम्ही पासवाले त्यांना जाहिरातीत हवे असतो, दारात नको असतो. साथीच्या काळात डिस्नेलँडने जानेवारी २०२१ मध्ये आपली पासाची योजनाच गुंडाळली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या नावाने परत आणली, आता आधी दिवस आरक्षित करायची अट घालून. वरच्या पायरीच्या पासाला एकही दिवस बंद नाही असं सांगितलं होतं, पण आरक्षण करायला गेलं की दिवस भरलेला. लोक कोर्टात गेले. कंपनीने शेवटी ९५ लाख डॉलर देऊन मिटवलं. टोकियो डिस्नेने २०२० मध्ये वर्षाचे पास थांबवून पैसे परत केले. म्हणजे पास ही तुमची मालमत्ता नाही, त्यांची मर्जी आहे. आणि हेही खरंय की पास काढला की माणूस पार्किंग आणि खाण्यावर नकळत बरंच उडवतो, तिथे ते वसूल करून घेतात. दादाने हा मुद्दा मांडला असता तर मी गप्प बसले असते. पण त्याला पैशांचं काही नव्हतं, त्याला 'एकटीच'चं होतं.

रात्रीची आतषबाजी मात्र एकटीने बघताना कधीकधी घशात काहीतरी अडकतं. सगळे एकमेकांना "ते बघ, ते बघ" म्हणत असतात आणि आपल्याला कुणाला दाखवायचं नसतं. बस, एवढंच कबूल करेन. त्यावर माझा उपाय म्हणजे त्या वेळी कोस्टरच्या रांगेत जायचं, सगळी गर्दी तिकडे गेलेली असते.

आणि त्या पोरीचं सांगायचं राहिलं. आईचा तो प्रश्न झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तुम्ही परत बसू शकता ना, लगेच?" म्हटलं, हो. असूया होती तिच्या तोंडावर, शुद्ध असूया. आईने एका खांद्यावरची पिशवी दुसऱ्यावर घेतली आणि ते चौघं पुढे निघाले. मी परत रांगेत.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या तिघी-चौघींनी गुपचूप मेसेज करून विचारलंय की पहिल्यांदा एकटीने जायचं तर कसं जायचं. इथेच सांगते. पहिल्या दिवशी पास घेऊ नका, साधं तिकीट काढा, आवडलं तर त्याचे पैसे पासात वळते करून देतात का ते आत विचारा, काही पार्कं देतात. सगळ्यात उंच कोस्टरने सुरुवात करू नका, चक्कर आली तर धरायला कुणी नाही. कुठे जाताय ते एकीला सांगून ठेवा. कंटाळा यायच्या आत बाहेर पडा. पासाच्या अटींमध्ये पैसे दरवर्षी आपोआप कापले जाणार आहेत का ते बघा. आणि पिशवी न्यावीच लागली तर लॉकरचा नंबर पाठ करा. फोटो काढून उपयोग नाही, काही राइडना फोनही लॉकरमध्येच जातो.