स्पिरिट खाली ठेवा, काका!

“रेकॉर्डमध्ये अखंड आवाज, डिजिटलमध्ये नुसते तुकडे. तेव्हा प्रत्येक विक्रीमागे कलाकाराला हिस्सा मिळायचा, स्ट्रीमिंगने त्याला भिकेला लावलं. माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसा, कुठल्याही टर्नटेबलवर वाजवा.” हा मेसेज फिरत फिरत गिरगावातल्या काकांकडे पोचला आणि ते स्पिरिट आणायला निघालेसुद्धा!

आधी ते स्पिरिट. ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी तबकडी म्हणजे दगडाची भुकटी आणि तिला धरून ठेवणारी लाख. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. बोळा फिरला की चकाकी जाते, वरचा थर चिकट होतो, खाचांच्या कडा विरघळतात. ते गाणं मग गेलंच. पुसायचीच असेल तर लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल भिजू देऊ नका. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा, उभी वाळवा. तडा गेलेल्या तबकडीला पाणीही नको. आणि हे काम मुंबईच्या पावसाळ्यात काढू नका. दमट तबकडी पाकिटात गेली की बुरशी धरते.

कुठलंही टर्नटेबलही चालत नाही. एलपीच्या (नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या) सुईचं टोक साधारण ०.७ मिल, ७८ला सुमारे ३ मिल लागतं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बारीक सुई खाचेच्या तळातल्या धुळीत घासते, नुसती खरखर. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावलीत, तर स्टीलची पिन ती खरवडूनच काढेल.

कलाकारांचा सुवर्णकाळ? १९७७ साली, रेकॉर्डी जोरात असताना, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या सिनेसंगीताचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचाच. थिएटरबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येणार नाही, हे कायद्यात आलं २०१२च्या दुरुस्तीने. तोवर कॅसेटही संपली होती. स्ट्रीमिंगमध्ये एका वेळच्या ऐकण्याचे पैसे चिमूटभर, हे मात्र खरं. एलपीच्या पाठीवर तबलजीचं नाव वाचता यायचं, ॲपवर बऱ्याचदा गीतकारही सापडत नाही, हेही खरं.

राहिले तुकडे. सीडी सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेते, पण बाहेर येते ती सलग लहर. माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं त्यात मावतं. तुकडेच मोजायचे तर दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. ख्याल तेवढ्यातच आवरायचा.