‘सत्तरीनंतर केमो नकोच’ म्हणणाऱ्यांना

ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतोय: “गाठ काढली की कॅन्सर संपला. केमोचा फायदा जेमतेम दोन टक्के, ऑस्ट्रेलियात सिद्ध झालंय. सत्तरीनंतर तर नुसते हाल.” आईचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ७४ वर्षांची होती. हाच मजकूर तेव्हा तीन नातेवाइकांनी मला पाठवला. त्या दिवसांत तो वाचून मी किती घाबरले होते, ते आठवतं, म्हणून लिहितेय.

गाठ काढली की संपला? पहिल्या स्टेजला बहुतेकदा खरंच संपतं, तिथे केमो देतही नाहीत. आईच्या रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या दोन लिम्फ नोडमध्ये (लहान ग्रंथींमध्ये) कॅन्सर निघाला, म्हणजे तिसरी स्टेज. अशा वेळी स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. केमो असते ती त्यांच्यासाठी.

दोन टक्क्यांचा आकडा २००४च्या एका लेखातला आहे आणि तो खोटा नाही. पण नुसत्या ऑपरेशनने बरे झालेले, केमोची गरजच नसलेले रुग्णही त्यात धरलेत, आणि ज्यात केमो हाच मुख्य उपचार असतो तो ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वगळलाय. आईसारख्या तिसऱ्या स्टेजचंच बघायचं, तर १९९०च्या अभ्यासात फ्लुरोयुरॅसिल आणि लेव्हामिसोल ही औषधं ऑपरेशननंतर दिल्यावर आजार उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी घटला होता.

आता वय. २००१मध्ये सात चाचण्यांमधले ३,३५१ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा सत्तरीपुढच्यांनाही तरुणांइतकाच फायदा दिसला. अर्थात ते हिंडते-फिरते, धडधाकट म्हातारे होते. शिवाय केमोच्या नेहमीच्या औषधासोबत ऑक्सालिप्लॅटिन हे दुसरं औषध जोडल्याचा जास्तीचा फायदा सत्तरीनंतर फारसा दिसत नाही, आणि त्याने बोटं बधिर होतात, गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात. आमच्याकडच्या जानेवारीत नळाचं पाणी कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. म्हणून आईला फक्त कॅपेसिटाबीनच्या गोळ्या दिल्या, १४ दिवस घ्यायच्या, ७ दिवस सुट्टी. त्याआधी क्रिएटिनिन तपासलं, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, फारच कमजोर असेल तर ह्या गोळ्या देतच नाहीत.

हाल झाले का? झाले. तिसऱ्या फेरीत तळहात लालभडक झाले, सालं निघायला लागली, लाटणं धरवेना. पोळ्या मी करायला घेतल्या तर ती ओट्याशी नुसती उभी राहिली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, हात बरे झाल्यावर कमी डोसवर पुन्हा सुरू केल्या.

नको म्हणणंही चुकीचं नसतं. आमच्या ओळखीतले एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांनी नको म्हटलं ते योग्यच केलं. पण ठरवायला वेळ थोडा असतो. ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी लागते, आणि आमचे दोन आठवडे ह्या मजकुरावरच्या वादात गेले. तिसऱ्या आठवड्यात आईच म्हणाली, “मला घेऊन चला, मी विचारते.” तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, “मध्येच नको वाटलं तर थांबवता येईल ना?”

“येईल, आई.”

“मग लिहा.”