फ्रेडी मर्क्युरीनं क्वीन सोडला नव्हता राजेहो

आपल्या आर्वीकडच्या ग्रुपवर मेसेज फिरून राह्यला का क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीनं सोलो (म्हंजे एकट्याचा) अल्बम काढाले बँड सोडला अन् मंग बँड बुडाला. साफ खोटं हाय भाऊ. त्याचा पहिला सोलो अल्बम 'मिस्टर बॅड गाय' एप्रिल १९८५ मधे आला, पॉप-डिस्को टाइपचा, अन् त्याच साली १३ जुलैले तो लंडनच्या वेम्बलीत लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या स्टेजवर क्वीनसोबतच गात होता, १९८६ मधे बँडचा नवीन अल्बम बी आला. सोलोचंच म्हनाल तं क्वीनचा ड्रमर रॉजर टेलरनं १९८१ मधेच काढला होता, त्याले कोनी गद्दार म्हनत नाही! फ्रेडी तं आपल्या पाचगणीत शिकलेला मानूस, नोव्हेंबर १९९१ मधे मरेपर्यंत क्वीनमधेच होता. मेसेज फॉरवर्ड केला असंन तं डिलीट करा.