तुलनेचा परिच्छेद शिकवा, पण पोरांना तुलना करू देऊ नका

यंदा आठवी-नववीचा कंपेअर अँड कॉन्ट्रास्टवाला परिच्छेद तुमच्या गळ्यात पडला असंल तर बिलकुल टेन्शन घेऊ नका. वर्षानुवर्षं आपण पोरांकडून हा लिहून घेऊन राहिलो अन् पोरं पास होऊन राहिली, तुलना कोणाला आली की नाही हे कोणी विचारलं नाही, म्हणजे पद्धत पक्की आहे. फक्त नीट पाळा.

पहिले तर विषय. असा निवडा की ज्यावर कोणालाच काही म्हणायचं नाही. 'शहर आणि खेडं' एकदम बेस्ट. पोरगं नागपूरच्या मानेवाड्यात जन्मलेलं, खेडं त्यानं लग्नाला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेलं, तरी 'खेड्यात हवा शुद्ध असते' हे त्याला तोंडपाठ. ज्याच्या अंगणातून कोराडीच्या वीज केंद्राची धुरांडी दिसतात त्यानंही शुद्धच लिहायचं.

'कूलर आणि एसी' हा विषय मात्र चुकूनही देऊ नका बाप्पा. नागपूरचं पोरगं यावर सुटलं की थांबत नाही. त्याला न शिकवताच माहीत असतं की मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हवा कोरडी ठक्क होते, कूलरच्या ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं अन् उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं म्हणून गार वाटतं, अन् तोच कूलर जुलैत लावला की हवेत आधीच एवढी वाफ असते की पाणी उडतच नाही, नुसती उमस, चादर चिकट, आजी वैतागून म्हणते बंद कर तो डब्बा. एसी खोलीतली गरमी उचलून बाहेर फेकतो, म्हणून पावसाळ्यातही चालतो, पण त्याला दारं-खिडक्या बंद लागतात अन् कूलरला खिडकी उघडी लागते, नाहीतर ओली हवा जाणार कुठं. वर लाइट बिल वेगळं, अन् नळ गेल्यावर कूलरमध्ये बादल्या ओतायच्या ते वेगळं. आता एवढं सगळं लिहून पोरगं शेवटी म्हणणार, मे मध्ये कूलर बरा अन् जुलैत एसी. सांगा, याला मार्क कुठं द्यायचे? महिना बदलला की उत्तर बदलतं, असलं काही मॉडेल आन्सरमध्ये नसतं.

त्यापेक्षा 'फरक स्पष्ट करा' ची सवय कामी आणा. पानाच्या मधोमध स्केलनं उभी रेघ, डावीकडं एक, उजवीकडं दुसरं, मुद्द्याला एक मार्क. डावीकडं 'कूलर पाण्यावर चालतो' अन् त्याच्याच समोर 'एसी पांढरा असतो' असं आलं तरी दोन्ही खरं आहे, टिक मारून मोकळे व्हा. पाण्यासमोर पाणी पाहिजे अन् रंगासमोर रंग, तुलनेला काहीतरी एकच माप लागतं, असले विचार डोक्यात येऊन राहिले तर स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्या. मग रेघ खोडायची, ओळी एकाखाली एक लिहायला सांगायच्या, झाला परिच्छेद.

एकमेकांत थोडी शिरलेली दोन वर्तुळंही काढून घ्या, तपासायला आलेल्यांना आवडतात. जॉन व्हेन नावाच्या इंग्रज तर्कशास्त्रज्ञानं १८८० मध्ये विधानं अन् तर्क नीट मांडून दिसावेत म्हणून ही आकृती पुढं आणली. आपण ती आईच्या बांगडीनं काढतो. दोन वर्तुळं सारखी आली पाहिजेत, वाकडं आलं तर अर्धा मार्क कट. मधल्या जागेत काय लिहायचं हे पोरांना सुचत नाही, तिथं 'दोन्ही उपयोगी आहेत' लिहायला सांगा. जगातल्या कोणत्याही दोन वस्तूंना चालतं.

मांडणीच्या दोन पद्धती असतात, आधी एकाचं सगळं सांगून मग दुसऱ्याचं सांगायचं, नाहीतर एकेक मुद्दा घेऊन दोघांचं सोबत सांगत जायचं. कोणती कधी वापरायची ते सांगू नका. लहान परिच्छेदात पहिली चालून जाते, मुद्दे वाढले की वाचणारा मागचं विसरतो म्हणून दुसरी बरी पडते, एवढी साधी गोष्ट आहे, अन् साधी म्हणूनच धोक्याची, एकदा कळली की पोरं स्वतः ठरवायला लागतात.

जोडशब्द मात्र भरपूर द्या. 'याउलट', 'त्याचप्रमाणे', 'मात्र', 'दुसरीकडे' हे फळ्यावर लिहा अन् सांगा की प्रत्येक वापरलाच पाहिजे, नाहीतर मार्क कट. मग 'माझा दादा उंच आहे, याउलट तो कॉलेजला जातो' अशी वाक्यं येतील. याउलटला याउलट आहे, दादा उंच आहे, अजून काय पाहिजे?

खरी पंचाईत होते ती काटोल, नरखेडकडची एखादी पोरगी वर्गात असली की. घरी संत्र्याची बाग. तुम्ही दिलेला विषय सोडून ती आंबिया बहार अन् मृग बहार, म्हणजे संत्र्याला फुलं येण्याच्या दोन हंगामांवर लिहून आणते. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची पावसाच्या तोंडावर. मृगासाठी आधी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाऊस वेळेवर पडला तर झाड फुलणार. आंबियाची फळं आख्खा उन्हाळा झाडावर राहतात म्हणून विहिरीला पाणी पाहिजे, अन् ती दिवाळीच्या आसपास बाजारात येतात, जराशी आंबट. मृगाचं फळ उशिरा येतं पण गोड. अन् शेवटी ती लिहिते, ज्याच्या विहिरीला एप्रिल-मेमध्ये पाणी टिकतं त्यानं आंबिया धरावा, ज्याची विहीर आटते त्यानं मृग. आता या परिच्छेदात एकही याउलट नाही, वर्तुळ नाही, समानता तीन मागितल्या होत्या त्या मोजून लिहिलेल्या नाहीत. लाल पेनानं लिहा, 'विषयाला सोडून'. घरी जाऊन तो परिच्छेद बायकोला वाचून दाखवला तरी चालंल, शाळेत दाखवू नका.

अन् वर्गात कोणी विचारलंच, 'सर, पण मंग दोघांतलं चांगलं कोणतं?' तर ताबडतोब खाली बसवा. हा प्रश्न फार वाईट, हा एकदा सुटला की समोरच्या दोन गोष्टी कशाला शेजारी मांडल्या तेच पोरं विचारायला लागतात. त्यांना सांगा, निष्कर्ष एकच, 'अशा प्रकारे दोन्हींचे आपापले महत्त्व आहे.' तुम्ही स्वतः एप्रिलमध्ये बर्डीच्या बाजारात कूलर घ्यायला जाता तेव्हा तीन दुकानं फिरून मोटर, ताट्या, टाकी, गॅरंटी, सगळं एकासमोर एक लावता अन् दुकानदाराला 'दोन्हींचे आपापले महत्त्व आहे' म्हणत नाही, ते सोडा. तिथं तुमचे पैसे जाऊन राहिले असतात, इथं फक्त पोरांचा पिरियड.

राहता राहिले पालक. अर्ध्या मार्कासाठी येतातच. त्यांच्यासमोर गाइडचं पान उघडून ठेवा, बोलायची गरज पडत नाही. एखादे काका मात्र दुसऱ्या कंपनीचं गाइड घेऊन येतात अन् त्यात त्याच प्रश्नाचं उत्तर भलतंच असतं. तेव्हा दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची चूक करू नका. त्यांचं गाइड हसत हसत हातात घ्या, कपाटात टाका, कुलूप लावा अन् म्हणा, हेडसर मीटिंगला गेलेत, सोमवारी या.