आत्याच्या अंजिरात माशी नव्हती

परवा आत्यानं सासवडच्या अंजिरांची अख्खी पाटी शेजारी देऊन टाकली. का, तर भिशीच्या ग्रुपवर आलं: ‘प्रत्येक अंजिरात एक मेलेली गांधीलमाशी असते. दाताखाली कचकचतात ती तिची अंडी. माशीशिवाय अंजीर धरतच नाही, म्हणून ते मांसाहारी.’

सोबतचा फोटो अंगणातल्या गांधीलमाशीचा. अंजिराचा कीटक जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. आणि कचकचतात त्या बिया, अंडी नव्हेत.

आता ‘माशीशिवाय धरतच नाही’. परागीभवन म्हणजे परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पोचणं. त्यानंतर फलन, मग बी. पण फळ धरायला दर वेळी हे सगळं लागतंच असं नाही. केळ्यात कुठे बी असतं? अंजिराची फुलं आत, बंद कोठीत असतात आणि स्मिर्ना जातीच्या अंजिरात ती माशी बुडाच्या भोकातून शिरून पराग पोचवते. कॅलिफोर्नियात ही झाडं नेऊन लावली, तर फळं गळायची. १८९९ मध्ये फ्रेस्नोला माशी आणून वसवली, तेव्हा फळं टिकू लागली. पण त्याच कॅलिफोर्नियात स्पॅनिश मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात लावलेली मिशन जातीची झाडं त्याआधी शंभरावर वर्षं फळत होती. माशी नसताना! फॉरवर्डवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपलं पुरंदरचं अंजीर या दुसऱ्या गोतातलं. फळ परागाविना पोसतं, आतल्या बिया पोकळ, त्यामुळे रोपं होतात ती फाटे कलमानं, म्हणजे फांदीचा तुकडा लावून. हंगाम खट्टा बहाराचा असो की मीठा बहाराचा, माशीची कुणी वाट बघत नाही.

बरं, एक कबूल करतो. सुकं अंजीर तुर्कस्तानातलं, स्मिर्ना जातीचं असेल, तर त्यात माशी शिरलेली असू शकते, आणि ती बाहेर येत नाही. फळातला पाचक रस तिला बराचसा विरघळवतो. ज्यांना तेवढंही चालत नाही, त्यांनी ते खाऊ नये. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं, तर आत्या म्हणते, “अरे, पण उंबर फोडलं की केंबरं उडतात, ती मी डोळ्यांनी पाहिलीत!” पाहिली असशील. उंबर अंजिराच्याच कुळातलं, त्याला त्याची माशी लागतेच. पण मी अंजिराचं बोलतोय ना!

शेवटी पटलं तिला. तोवर शेजाऱ्यांनी पाटीचा जॅम करून टाकला होता.