राउटरमधलं डीएचसीपी बंद करायला सांगणारा मेसेज

"राउटरमधलं डीएचसीपी बंद करा, प्रत्येक फोनला हाताने आयपी अ‍ॅड्रेस द्या. नेटचा वेग वाढेल, हॅकर आत येणार नाही आणि सारखा अ‍ॅड्रेस बदलण्याची कटकट संपेल." हा मेसेज खूप फिरतोय. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला ओळखणारा क्रमांक, आणि डीएचसीपी म्हणजे तो आपोआप वाटून देणारी राउटरमधली सोय. यातले पहिले दोन दावे साफ चूक आहेत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय भलताच सांगितलाय.

आधी वेगाचं. फोन वाय-फायला जोडला की तो विचारतो, मला अ‍ॅड्रेस कोण देईल? राउटर एक देऊ करतो, फोन तो मागून घेतो, राउटर होकार देतो. चार छोटे संदेश, की झालं. हा अ‍ॅड्रेस ठरावीक मुदतीचा असतो, बऱ्याच राउटरवर 24 तासांचा, आणि निम्मी मुदत संपली की फोन आपणहून ती वाढवून घेतो. एरवी तुम्ही व्हिडिओ बघत असता तेव्हा डीएचसीपी त्या वाटेत नसतंच. मग ते बंद करून वेग वाढणार कुठून?

हॅकरचा दावा मला जास्त खटकतो, कारण त्याने लोक गाफील राहतात. ज्याला वाय-फायचा पासवर्ड माहीत नाही, तो अ‍ॅड्रेस मागण्यापर्यंत पोचतच नाही. ज्याला माहीत आहे, तो स्वतःच अ‍ॅड्रेस टाकतो. घरगुती राउटर बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 वर असतो, त्यामुळे त्याच मालिकेतला 192.168.1.77 टाकून बघायला कितीसा वेळ लागतो? खरं संरक्षण डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 (वाय-फायच्या सुरक्षेच्या पद्धती), लांब पासवर्ड आणि बदललेला अ‍ॅडमिन पासवर्ड (राउटरची सेटिंग उघडण्याचा) यांचं.

अ‍ॅड्रेस बदलला की प्रिंटर सापडेनासा होतो, हे मात्र खरं. त्यासाठी राउटरमध्येच 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाला कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक) तिथे नोंदवा, राउटर त्याला कायम तोच आयपी देईल आणि दुसऱ्या कुणाला देणार नाही. हाताने दिलेल्या अ‍ॅड्रेसची अशी नोंद कोण ठेवणार? एका घरी मी लॅपटॉप आणि प्रिंटर, दोन्हींवर 192.168.1.10 टाकलेलं पाहिलं. प्रिंट कधी यायची, कधी नाही, आणि घरचे नवा प्रिंटर घ्यायला निघाले होते! त्याच घरात डीएचसीपी बंद असल्यामुळे पाहुण्यांचा फोन 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' याच्या पुढे सरकत नव्हता.

मेसेज वाचून डीएचसीपी बंद केलं असेल, तर आधी राउटरचा अ‍ॅड्रेस बघा; तो बहुतेकदा त्याच्या तळाशी छापलेला असतो. तो 192.168.1.1 असेल, तर लॅपटॉपला तात्पुरता 192.168.1.50 आणि सबनेट मास्क 255.255.255.0 द्या. ब्राउझरमध्ये राउटरचा अ‍ॅड्रेस टाकून लॅन सेटिंगमध्ये जा, डीएचसीपी सर्व्हर चालू करा, 192.168.1.100 ते 192.168.1.199 ही रेंज भरा आणि सेव्ह करा. मग लॅपटॉपसकट सगळ्या उपकरणांवरचे हाताने टाकलेले आकडे काढून 'ऑटोमॅटिक' निवडा.